वाढतं वय, चरबीयुक्त आहार आणि लिव्हर: काय तपासायचं, काय बदलायचं

पन्नाशी-साठीनंतर कुठल्या तरी भलत्याच कारणासाठी पोटाची सोनोग्राफी होते आणि अहवालात ‘फॅटी लिव्हर, ग्रेड १’ अशी ओळ येते. जगभरातल्या प्रौढांपैकी साधारण ३० टक्के लोकांच्या लिव्हरमध्ये जास्तीची चरबी आहे, त्यामुळे ही ओळ दुर्मीळ नाही. त्यावर बहुतेकांना ‘तेलकट कमी खा, वजन उतरवा’ एवढाच सल्ला मिळतो आणि विषय तिथेच मिटतो.

हा सल्ला चुकीचा नाही, पण अर्धवट आहे, आणि उतारवयात तो जसाच्या तसा पाळला तर नुकसानही होऊ शकतं. तिशीतल्या माणसाने जेवण तोडून वजन उतरवलं तर बहुधा निभावतं. सत्तरीतल्या माणसाने तेच केलं तर चरबीबरोबर स्नायूही झडतात, आणि स्नायू झडले की साखर आणि चरबीचा भार फिरून लिव्हरवरच येतो. म्हणून हा लेख वय आणि आहार या दोन्हींचा एकत्र विचार करतो. आधी आत काय घडतं ते थोडक्यात, मग पायऱ्या.

वयाने लिव्हरमध्ये काय बदलतं

प्रौढ माणसाचं लिव्हर सुमारे दीड किलोचं असतं आणि त्यातून दर मिनिटाला जवळपास दीड लिटर रक्त वाहतं. यातलं तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या शिरेतून येतं. म्हणजे आपण खाल्लेलं बरंचसं पचून आधी लिव्हरच्या दारात जातं. तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत लिव्हरचं आकारमान २० ते ४० टक्क्यांनी घटतं आणि त्यातला रक्तप्रवाह ३५ ते ५० टक्क्यांनी कमी होतो.

त्याहून बारीक बदल लिव्हरमधल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांत होतो. तरुण लिव्हरमध्ये या वाहिन्यांच्या भिंतींना चाळणीसारखी छिद्रं असतात. जेवणानंतर रक्तात फिरणारे चरबीचे उरलेसुरले कण त्या छिद्रांतून पेशींपर्यंत पोचतात आणि तिथे त्यांची विल्हेवाट लागते. वयाबरोबर भिंत जाड होते, छिद्रं कमी होतात, आणि हे कण रक्तात जास्त वेळ फिरत राहतात. पेशींमधली ऊर्जानिर्मिती मंदावते, चरबी जाळण्याची क्षमता घटते, आणि इजा झाल्यावर लिव्हर पुन्हा वाढतं खरं, पण सावकाश.

एवढं सगळं होऊनही निरोगी वृद्ध माणसाच्या लिव्हरच्या नेहमीच्या रक्ततपासण्या साधारणपणे नॉर्मलच येतात. कमी होते ती राखीव ताकद. रोजचं काम चालू राहतं, पण मोठं आजारपण, नवं औषध किंवा सततचा जड आहार पेलण्याची मुभा आक्रसते.

लिव्हरबाहेरचे बदलही यात भर घालतात. तिशीनंतर दर दशकात स्नायू थोडेथोडे कमी होत जातात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. चरबी हातापायांवरून पोटाच्या आत सरकते. स्त्रियांना पाळी जाईपर्यंत इस्ट्रोजेनचं जे संरक्षण असतं, ते नंतर राहत नाही. त्यामुळे चाळिशीत पुरुषांच्या तुलनेत सुरक्षित असलेल्या स्त्रियांचा धोका पंचावन्नच्या पुढे झपाट्याने वाढतो.

लिव्हरमधली चरबी येते कुठून

खाल्लेलं तेल थेट लिव्हरमध्ये जाऊन साठतं, असा सर्वसाधारण समज आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फॅटी लिव्हरच्या रुग्णांना खुणेचे अणू जोडलेली चरबी देऊन तिचा माग काढला गेला. लिव्हरमधल्या चरबीपैकी सुमारे ५९ टक्के अंगावरच्या मेदातून सुटून आलेली होती, २६ टक्के लिव्हरने स्वतः साखर-पिष्टातून बनवलेली होती, आणि थेट जेवणातून आलेली फक्त १५ टक्के.

याचा अर्थ ‘मग तेल-लोण्याला मोकळीक’ असा काढू नये. जादा खाल्लेली चरबी आधी अंगावर साठते आणि इन्सुलिनला शरीर दाद देईनासं झालं की तिथून सुटून लिव्हरकडे येते. शिवाय चरबी कोणती, यानेही मोठा फरक पडतो. २०१८ च्या एका प्रयोगात ३८ स्थूल व्यक्तींना तीन आठवडे रोज १००० कॅलरी जास्तीच्या दिल्या. ज्यांना त्या संतृप्त चरबीतून (लोणी, खोबरेल, पामतेल यांत भरपूर असते ती) मिळाल्या त्यांच्या लिव्हरमधली चरबी ५५ टक्क्यांनी वाढली, साध्या साखरेतून मिळालेल्यांची ३३ टक्क्यांनी, आणि असंतृप्त चरबीतून मिळालेल्यांची १५ टक्क्यांनी. कॅलरी तेवढ्याच, परिणाम मात्र वेगवेगळा. संतृप्त चरबी पेशींमध्ये असे पदार्थ तयार करते जे इन्सुलिनचं काम अडवतात आणि दाह वाढवतात. हे तीनच आठवड्यांत घडलं, म्हणून सणावारी एकदा खाण्यापेक्षा रोजच्या सवयीकडे बघणं जास्त महत्त्वाचं.

पायरी १: आधी आपण कुठे आहोत ते शोधा

सोनोग्राफीतल्या ‘ग्रेड’वर लोक फार विसंबतात. ग्रेड म्हणजे चरबी किती दिसली याचा अंदाज. आयुष्यावर परिणाम करणारी गोष्ट वेगळी आहे: लिव्हरमध्ये व्रण, म्हणजे फायब्रोसिस (जखम भरल्यावर राहतो तसा कडक, धागेदार भाग), किती झालाय. ग्रेड ३ असूनही व्रण नसू शकतो आणि ग्रेड १ च्या मागे बराच व्रण दडलेला असू शकतो. थोडी चरबी असेल तर सोनोग्राफीत ती दिसतही नाही.

व्रणाचा पहिला अंदाज घरी कागदावर काढता येतो. त्याला फिब-४ म्हणतात. त्यासाठी चार आकडे लागतात: वय, लिव्हरच्या रक्ततपासणीतले एएसटी म्हणजेच एसजीओटी आणि एएलटी म्हणजेच एसजीपीटी, आणि प्लेटलेट. वयाला एएसटीने गुणा. मग एएलटीचं वर्गमूळ काढून त्याला प्लेटलेटने गुणा; इथे प्लेटलेट हजारांत घ्यायचे, म्हणजे १.६ लाख असतील तर १६०. पहिल्या उत्तराला दुसऱ्याने भागा.

उदाहरण घेऊ. वय ६७, एएसटी ३६, एएलटी २५, प्लेटलेट १६०. वर ६७ × ३६ = २४१२. खाली २५ चं वर्गमूळ ५, गुणिले १६० = ८००. उत्तर ३.०२. हे चारही आकडे एकेकटे पाहिले तर बहुतेक प्रयोगशाळांच्या नॉर्मल मर्यादेत बसतात, अहवालात कुठेही लाल खूण दिसणार नाही. तरी २.६७ च्या वरचं हे उत्तर व्रणाची दाट शंका दाखवतं आणि तज्ज्ञाकडे जायला सांगतं. ‘सगळं नॉर्मल आहे’ या वाक्यावर उतारवयात थांबू नये असं मला ठामपणे वाटतं, ते यासाठीच.

उलट बाजूही बघा. त्याच वयात एएसटी २८, एएलटी २५ आणि प्लेटलेट २२० असतील तर उत्तर १.७१ येतं. पासष्टीच्या आत १.३ च्या खाली उत्तर आलं तर निर्धास्त राहता येतं, म्हणून १.७१ पाहून घाबरायला होईल. पण सूत्रात वयच गुणलेलं असल्यामुळे पासष्टीपुढे ही खालची मर्यादा २.० धरतात. म्हणजे या माणसाला लगेच धावपळ करायचं कारण नाही. पस्तिशीच्या आत हे सूत्र भरवशाचं नाही. ताप, ताजा संसर्ग किंवा प्लेटलेट तात्पुरते घटवणारा आजार चालू असताना काढलेला आकडाही धरू नये.

मधला किंवा वरचा आकडा आला तर पुढची तपासणी फायब्रोस्कॅन. पोटावर यंत्र टेकवून लिव्हरचा ताठरपणा मोजतात, दुखत नाही. त्याआधी किमान तीन तास काही खाऊ नका, कारण जेवणानंतर लिव्हरकडे रक्त वाढतं आणि आकडा खोटा चढतो. ८ किलोपास्कलच्या खालचं माप दिलासा देणारं असतं.

याच वेळी उपाशीपोटी साखर किंवा एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी), रक्तदाब आणि कमरेचा घेर यांची नोंद करा. घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त असेल तर पोटाच्या आत चरबी आहे असं समजा, वजनकाटा काहीही म्हणो. बारीक दिसणाऱ्या माणसालाही फॅटी लिव्हर होतं. हिपॅटायटिस बी आणि सी ची तपासणी एकदा तरी झालेली असावी. लिव्हर बिघडण्याचं कारण चरबीच असेल असं गृहीत धरून दुसरं कारण निसटायला नको.

पायरी २: ताटातली चरबी बदला, नुसती तोडू नका

घरातलं तेल मोजण्यापासून सुरुवात करा. महिन्याला स्वयंपाकात लागणारं तेल आणि घन चरबी मिळून किती, ते खाणाऱ्या माणसांनी आणि तीस दिवसांनी भागा. एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिलिलिटर तेल, सुमारे १२० कॅलरी देतं. चार माणसांच्या घरात महिन्याला सहा लिटर लागत असेल तर माणशी रोज ५० मिलिलिटर होतात, म्हणजे तेलातूनच ४०० कॅलरी. ‘आमच्याकडे फार तेलकट नसतं’ असं वाटणाऱ्या घरांनी हा हिशोब जरूर करावा.

मग संतृप्त चरबी बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार ती एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत असावी. रोज २००० कॅलरी खाणाऱ्यासाठी ही मर्यादा साधारण २२ ग्रॅम होते. एका मोठ्या चमच्याभर लोण्यात ७ ग्रॅम जातात. खोबरेल तेलात ऐंशी टक्क्यांहून जास्त आणि पामतेलात निम्मी चरबी संतृप्त असते. सूर्यफुलाच्या तेलात ती अकरा टक्क्यांच्या आसपास. पाकिटावर ‘वनस्पतिजन्य’ लिहिलेलं असलं तरी ते पामतेल असू शकतं, आणि बिस्किटं, फरसाण, आइस्क्रीम यांत बऱ्याचदा तेच असतं.

पाकीट उलटं करून वाचताना एका गोष्टीकडे लक्ष द्या. आकडे १०० ग्रॅमसाठीचे आहेत की एका वाढपासाठीचे? १०० ग्रॅमला १५ ग्रॅम संतृप्त चरबी असेल आणि तुम्ही एका बैठकीत ६० ग्रॅम संपवत असाल, तर ९ ग्रॅम पोटात गेले, म्हणजे दिवसाच्या मर्यादेचा चाळीस टक्के वाटा. घटकांच्या यादीत ‘अंशतः हायड्रोजनेटेड’ असे शब्द दिसले तर ते पाकीट परत ठेवा, त्यात ट्रान्स फॅट असतं आणि त्याचं कोणतंही प्रमाण हितकारक नाही.

काढलेल्या चरबीच्या जागी काय येतं, यावर सगळं अवलंबून आहे. लोणी काढून त्याजागी मैदा आणि साखर आली तर लिव्हरला काहीच मिळालं नाही, कारण त्यातून ते स्वतः चरबी बनवतं. ‘लो फॅट’ म्हणून विकलं जाणारं गोड दही हा असाच सापळा. त्याजागी शेंगदाणे, अक्रोड, बदाम, जवस, मासे, असंतृप्त तेलं, कडधान्यं आणि भाज्या याव्यात. मूठभर दाणे पुरेत. चांगली चरबी म्हणून वाटीभर खाल्ले तर कॅलरी त्याच. तळलेलं आठवड्यातून एखाद्या वेळी ठेवा आणि तळणीचं तेल पुन्हापुन्हा तापवू नका.

पायरी ३: पेयांतली साखर

ही पायरी लहान आहे, पण कष्टाच्या मानाने लाभ सर्वांत जास्त. फ्रुक्टोजचं पचन मुख्यतः लिव्हरमध्येच होतं आणि तिथे त्याची चरबी सहज बनते. ३३० मिलिलिटरच्या साध्या शीतपेयात सुमारे ३५ ग्रॅम साखर असते. फळांचा रस, ‘नैसर्गिक’ लिहिलेला असला तरी, याच रांगेत बसतो. आख्खं फळ खा, चावून खा. चहा-कॉफीतली साखर दर आठवड्याला थोडी कमी करत गेलात तर महिन्याभरात जिभेला सवय होते. बिनसाखरेची कॉफी नियमित पिणाऱ्यांमध्ये लिव्हरचा व्रण कमी आढळतो, त्यामुळे झोप आणि हृदयाची धडधड यांची अडचण नसेल तर ती बंद करायचं कारण नाही.

पायरी ४: वजन किती उतरवायचं, आणि कोणी उतरवू नये

वजनाच्या ३ ते ५ टक्के घट झाली की लिव्हरमधली चरबी कमी होते. ७ ते १० टक्क्यांवर दाह निवळतो. १० टक्के किंवा जास्त घट टिकवली तर बऱ्याच जणांत व्रणही मागे हटतो. ८० किलोच्या माणसासाठी हे आकडे अनुक्रमे सुमारे २.५ ते ४, ६ ते ८, आणि ८ किलोंच्या पुढे असे होतात. आठवड्याला अर्धा ते एक किलो हा वेग ठीक. त्याहून भरभर उतरवलं तर अंगावरची चरबी एकदम सुटून लिव्हरवर येते आणि पित्ताशयात खडेही होतात.

पासष्टीच्या पुढे मात्र वजनाच्या आधी स्नायूंचा विचार करा. घरात एक साधी चाचणी करता येते. हात छातीवर दुमडून, भक्कम खुर्चीवरून पाच वेळा पूर्ण उभं राहायचं आणि बसायचं, शेजारी कोणीतरी असावं. याला १५ सेकंदांहून जास्त लागत असतील तर पायांची ताकद कमी आहे. अशा माणसाने जेवण तोडू नये. आधी प्रथिनं आणि व्यायाम, वजनाचं नंतर.

वयस्कर माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं हवीत, म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीला ६० ते ७२ ग्रॅम. ती एकाच जेवणात न घेता तिन्ही वेळांत विभागावीत, कारण म्हाताऱ्या स्नायूला प्रत्येक वेळी ठरावीक मात्रा मिळाली तरच तो वाढतो. अंडी, मासे, दूध-दही, डाळी, सोयाबीन हे सगळं चालतं. किडनीचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरांना विचारूनच ठरवा. आणि प्रयत्न न करता वजन उतरत असेल, तर खूश न होता तपासणी करून घ्या.

पायरी ५: हालचाल

आठवड्याला १५० मिनिटं दमदार चालणं आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम, एवढं पुरेसं आहे. चालताना बोलता यावं पण गाता येऊ नये, हा वेगाचा अंदाज. व्यायामाने वजन न घटताही लिव्हरमधली चरबी कमी होते, त्यामुळे काटा हलला नाही म्हणून सोडून देऊ नका. ताकदीसाठी सुरुवात त्याच खुर्चीपासून: दहादा उठणं-बसणं, भिंतीला हात टेकवून दंड, पाण्याच्या बाटल्या उचलणं. गुडघे दुखणाऱ्यांनी चालण्यापेक्षा यालाच आधी वेळ द्यावा.

पायरी ६: औषधांचा डबा उघडून बघा

रक्तप्रवाह आणि आकार घटल्यामुळे वृद्ध लिव्हर अनेक औषधं सावकाश साफ करतं. पॅरासिटामॉलची निरोगी प्रौढासाठीची कमाल मर्यादा २४ तासांत ४ ग्रॅम आहे. वय जास्त, वजन कमी किंवा दारूची सवय असेल तर डॉक्टर ती आणखी खाली आणतात. सर्दीच्या गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, त्यामुळे दोन्ही घेताना नकळत बेरीज होते. स्टेरॉइड, अमिओडेरोन, मेथोट्रेक्झेट, टॅमॉक्सिफेन, व्हॅल्प्रोएट यांनी लिव्हरमध्ये चरबी वाढू शकते. ही औषधं स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना फक्त विचारा.

फॅटी लिव्हर आहे म्हणून कोलेस्टेरॉलचं स्टॅटिन सोडणारे लोक भेटतात तेव्हा खरंच काळजी वाटते. फॅटी लिव्हरमध्ये स्टॅटिन सुरक्षित आहे, आणि अशा रुग्णांच्या मृत्यूचं सर्वांत मोठं कारण हृदयविकार आहे. दुसरीकडे ‘लिव्हर शुद्ध करणारे’ काढे आणि कॅप्सूल लोक बिनधास्त घेतात. ग्रीन टीचा अर्क आणि हळदीचा तीव्र अर्क असलेल्या गोळ्यांनी लिव्हरला गंभीर इजा झाल्याच्या नोंदी आहेत. स्वयंपाकातल्या हळदीची गोष्ट वेगळी, तिची भीती नको.

दारूबद्दल थोडक्यात: व्रण असेल तर पूर्ण बंद. नसेल तरी चरबी आणि दारू एकमेकांचा त्रास वाढवतात. हिपॅटायटिस ए आणि बी ची लस घ्यायची का, हेही याच भेटीत विचारून घ्या.

पायरी ७: पुन्हा मोजणी, आणि धोक्याच्या खुणा

आहार-व्यायामाचा परिणाम एसजीपीटीवर काही महिन्यांत दिसू लागतो. व्रणाचा वेग सावकाश असतो: नुसती चरबी असेल तर सरासरी १४ वर्षांत एक टप्पा, दाह असेल तर ७ वर्षांत. म्हणून मधुमेह किंवा इतर धोके असतील तर फिब-४ दर एक-दोन वर्षांनी, नसतील तर दोन-तीन वर्षांनी पुरे. मध्यम ते पुढच्या टप्प्यातल्या व्रणासाठी आता औषधंही आहेत. अमेरिकेत २०२४ मध्ये रेस्मेटिरोमला आणि २०२५ मध्ये सेमाग्लुटाइडला मान्यता मिळाली. सिरॉसिस, म्हणजे व्रणाने भरून लिव्हर कडक होण्याची शेवटची अवस्था, झालेल्यांसाठी ती नाहीत.

सिरॉसिसचं निदान झालं की आहाराचे वरचे बरेच नियम उलटतात. उपास करायचा नाही, प्रथिनं किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम, आणि झोपण्यापूर्वी थोडं खाणं आवर्जून घ्यायचं, कारण असं लिव्हर रात्रभर पुरेल एवढी साखर साठवू शकत नाही आणि शरीर स्नायू जाळू लागतं. मीठही मोजून. हे सगळं तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच.

डोळे पिवळे होणं, पोट पाण्याने फुगणं, पायांवर सूज, सहज काळेनिळे डाग पडणं, यांपैकी काही दिसलं तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शी, किंवा माणूस अचानक असंबद्ध बोलू लागणं, दिवस-रात्रीची झोप उलटी होणं, हे दिसलं तर त्याच तासाला रुग्णालयात न्या. वृद्ध माणसाचं असं गोंधळणं ‘वयामुळे होतं’ म्हणून घरी ठेवू नका. लिव्हरमुळे आलेला गोंधळ वेळेत उपचार झाले तर बऱ्याचदा उतरतो.